रस्त्याकडेला न ठरवता काय सापडलं? (सुरुवात एका वीरगळापासून)

माळरान

परवाच्या रविवारी आईबाबांना घेऊन पुण्याहून वाईला निघालो होतो. महामार्गाने गेलो असतो तर जेवायच्या आत पोचलो असतो. पण भोर जवळ आलं तसं बाबा म्हणाले, "पाऊस उघडलाय, मांढरदेवीच्या घाटानं जाऊ या." घाई कुणालाच नव्हती. वळवली गाडी.

घाट सुरू व्हायच्या बऱ्याच आधी एका गावाबाहेर बाबांना पाय मोकळे करायचे होते, म्हणून वडाखाली थांबलो. वडाला पार, पारावर दोन पोरं बसलेली. त्यांच्या पायाखाली, जमिनीतून तिरका वर आलेला एक काळा दगड. वरून गोलसर, गुडघाभर उंचीचा, शेवाळलेला. मला तो कुणीतरी टाकून दिलेला जुना पाटा वाटला. बाबांनी बाटलीतलं पाणी त्याच्यावर ओतलं आणि हाताने पुसलं. शेवाळ निघालं तशी आधी एक तलवार दिसली. मग तलवार धरलेला हात. मग अख्खा माणूस.

दगडाला तीन कप्पे आहेत. वरच्या कप्प्यात पिंडीसमोर हात जोडून बसलेला माणूस. मधल्या कप्प्यात तीन आकृत्या, मधला पुरुष आणि दोन्ही बाजूंना बायका, त्यांचे हात त्याच्या काखेत. खालच्या कप्प्यात मारामारी आणि मागे जनावरांची रांग, एकेक डोकं माझ्या अंगठ्याच्या नखाएवढं. खालचा भाग मातीत गेलाय. मी वरून खाली असा अर्थ लावला: भक्त होता, त्याचं लग्न झालं, मग तो शिकारीला गेला. बाबांना ते पटलं नाही, पण बरोबर काय तेही सांगता येईना.

तेवढ्यात शेजारच्या शेतातून एक आजी आल्या. आम्ही दगड धुतोय हे पाहून त्यांना बरं वाटलं असावं. म्हणाल्या, "लढाईवाला देव हाय त्यो. आमच्या सासूबाई बी त्याला पाणी घालायच्या." कधीपासून आहे विचारलं तर म्हणाल्या, "वडाच्या आधीपासनं."

दोन गोष्टींसाठी हा धागा काढतोय. एक, हा दगड कसा वाचायचा? दोन, असं काही तुम्हाला सापडलंय का? ठरवून पाहायला गेलेलं नको. रस्ता चुकला, टायर बसला, पाऊस आला, मूल रडलं म्हणून थांबलात आणि समोर काहीतरी उभं राहिलं, असं हवं.

कोवळं_ऊन

छान विषय. "वडाच्या आधीपासनं" हे उत्तर फार आवडलं. फोटो आहेत का?

माळरान

फोटो काढले, पण भर दुपारचे आहेत. सगळं सपाट दिसतंय, काहीच कळत नाही.

शके

माळरान, हा वीरगळ आहे, म्हणजे लढताना पडलेल्या वीराच्या आठवणीचा दगड. तुम्ही उलटा वाचलात. वीरगळ खालून वर वाचायचा.

सगळ्यात खाली मरण. तिथे वीर लढतो आणि पडतो. त्याच्या मागे जनावरांची रांग असेल तर तो बहुधा गोधन वाचवताना मेला. त्या काळी गुरं पळवणं म्हणजे अख्ख्या गावाचा घास पळवणं होतं, त्यामुळे असे वीरगळ पुष्कळ सापडतात. मधल्या कप्प्यातल्या बायका म्हणजे अप्सरा. लग्न लागत नाहीये, त्या त्याला उचलून वर नेताहेत. सर्वात वरती तो कैलासात पोचलाय आणि शिवलिंगाची पूजा करतोय. पिंडीच्या पलीकडे पुजारी असेल, नीट पाहा. माथ्यावर कलश असतो आणि दोन्ही अंगांना चंद्र-सूर्य. ते आहेत तोवर याची कीर्ती राहील, असा त्याचा अर्थ. जुन्या दानलेखांत 'आचंद्रार्क' शब्द येतो, तोच इथे दगडात कोरलेला.

शब्द कानडीतून आलाय. 'कल्लु' म्हणजे दगड, 'वीरगल्लु' म्हणजे वीराचा दगड. आपल्याकडे शिलाहार आणि यादवांच्या काळातले वीरगळ भरपूर आहेत, नंतरचेही आहेत. बहुतेकांवर अक्षर नसतं. त्यामुळे माणसाचं नाव जातं आणि कृती तेवढी राहते.

शेजारी अजून एखादा दगड होता का? ज्यावर खांबातून बाहेर आलेला, कोपरात वाकलेला, बांगड्या भरलेला हात असतो? तो सतीशिळा. पुष्कळदा दोन्ही जवळजवळ सापडतात.

फोटोचं म्हणाल तर दुपारी काही मिळणार नाही. सकाळी सात-साडेसातला जा, ऊन तिरकं असताना. किंवा अंधारात विजेरी दगडाच्या अगदी कडेला, पृष्ठभागाला चिकटवल्यासारखी धरा. उठावाची सावली पडते आणि झिजलेलं कामही उमटून येतं. पाणी ओतलंत ते चालतं. पण हळद, पीठ, खडू, तेल यातलं काही लावू नका. तारेच्या ब्रशने घासायचं तर मनातही आणू नका. साताठशे वर्षं पावसाने जेवढं नेलं नाही, तेवढं एक ब्रश पाच मिनिटांत नेतो.

माळरान

शके, अंगावर काटा आला. म्हणजे ज्याला मी लग्न म्हणालो ते त्या माणसाचं मरणानंतरचं पहिलं पाऊल होतं. बाबांना वाचून दाखवलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "परत जायला पाहिजे."

दुसरा दगड पाहिलाच नाही हो. पाराच्या मागे गेलोच नव्हतो.

सड्यावरची

आमच्या कोकणात अशा वेळी वेगळाच दगड समोर येतो. दोन वर्षांपूर्वी अलिबागच्या बाजूला भरतीमुळे वाट अडली म्हणून आतल्या रस्त्याने वळलो. एका देवळाच्या कुंपणाशी उभा दगड होता. वर चंद्र-सूर्य, मध्ये अक्षरांच्या ओळी, खाली एक बाई आणि गाढव. मुलीने विचारलं हे काय, आणि मला तिला काय सांगावं कळेना. पुढे समजलं की तो गधेगाळ. राजाने जमीन दान दिली की लेख कोरायचा आणि जो हे दान मोडेल त्याच्या आईवर गाढवाची शिवी. ज्याला वाचता येत नाही त्यालाही ती कळावी म्हणून चित्र. आज ते पाहवत नाही, पण कायदा कागदावर नसून रस्त्यात उभा होता, हे मुलीला समजावताना मलाच नव्याने समजलं.

आणि सड्यांविषयी कुणी तरी लिहायला हवंच, म्हणून मीच लिहिते. रत्नागिरी-राजापूरकडे जांभ्याचे मोठे सपाट सडे, म्हणजे खडकाळ पठारं आहेत. पावसाळ्यात हिरवे, मे महिन्यात नुसता तवा. गाडीतून पाहणाऱ्याला तिथे काहीच नाही असं वाटतं. त्याच सड्यांवर आपल्या आधीच्या कुठल्या तरी माणसांनी हत्ती, गेंडे, मासे, माणसं कोरून ठेवली आहेत. कशेळीचा हत्ती सुमारे अठरा मीटर लांब आहे आणि त्याच्या अंगात आणखी कितीतरी प्राणी कोरलेत. उक्षी, बारसू, जांभरुण, देवाचे गोठणे, रुंढे तळी, देवीहसोळ, सिंधुदुर्गातलं कुडोपी, गोव्यातलं फणसायमाळ, अशी कशेळी धरून नऊ ठिकाणं २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली. गेंडा कोकणात! ज्याने तो कोरला त्याने गेंडा पाहिला असणार किंवा पाहिलेल्याकडून ऐकला असणार. मी उक्षीच्या हत्तीपाशी उभी होते तेव्हा तो आधी दिसलाच नाही. पायाखाली खाचा आहेत एवढंच कळत होतं. चार पावलं मागे सरकले आणि सोंड दिसली.

लाल_पट्टा

दगडांचं चाललंय तर कोरलेल्या दगडांवरच थांबू नका, नुसत्या दगडाकडेही पाहा. मी भूशास्त्र शिकवतो आणि माझी निम्मी शिकवणी रस्त्याच्या कापणीपाशी होते. घाट रुंद करताना डोंगर उभा कापतात. भूशास्त्राच्या माणसाला तो कुणीतरी पुस्तक उघडून ठेवल्यासारखा असतो.

घाटातून जाताना काळ्या खडकात मध्येच एक विटकरी लाल पट्टा आडवा गेलेला दिसतो. वीतभर, कधी पुरुषभर जाड. सगळ्यांनी शंभरदा पाहिलेला असतो. आपला सह्याद्री लाव्ह्याच्या थरांवर थर साचून झालाय, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी. एक थर वाहिला, थंड झाला, मग दुसरा येईपर्यंत मधे काळ गेला. त्या काळात खालच्या थराचा माथा हवापाण्याने कुजला, काही ठिकाणी त्यावर राख पडली, लोह गंजलं. मग वरून नवा लाव्हा आला आणि ते सगळं भाजून निघालं. म्हणजे तो लाल पट्टा दोन उद्रेकांमधली विश्रांती आहे. खालचा काळा खडक आणि वरचा काळा खडक सारखेच दिसतात, पण मधल्या लाल बोटभर मातीत हजारो वर्षं असू शकतात. मी तिथे विद्यार्थ्यांना हात लावायला सांगतो.

दुसरं म्हणजे दगडी खांब. लाव्हा सावकाश थंड होताना आकसतो आणि त्याला भेगा पडतात. चिखल वाळताना पडतात तशाच, फक्त या खोलवर उतरत जातात. त्यातून पाच-सहा बाजूंचे खांब तयार होतात. मुंबईत अंधेरीला गिल्बर्ट हिल आहे, सुमारे दोनशे फूट उंच, चारी बाजूंनी इमारतींनी वेढलेली. कोल्हापूरकडे पन्हाळ्याच्या परिसरात बांदिवडेला असे खांब आहेत. आणि या धाग्याला अगदी लागू पडणारं उदाहरण यवतमाळचं. झरी-जामणी तालुक्यात शिबला गावाजवळ २०२१ मध्ये रस्त्याचं काम चालू असताना जमिनीखालून असेच खांब निघाले. लोकांना आधी ती जुनी बांधीव भिंत वाटली होती. वाटणारच. इतकी रेखीव गोष्ट माणसाशिवाय होते यावर चटकन विश्वास बसत नाही.

तिसरं, खडकातली भोकं. लाव्ह्यातल्या वायूचे बुडबुडे तसेच गोठले आणि पुढे गरम पाण्याने त्यांत स्फटिक भरले. स्टिल्बाइट फिकट गुलाबी, मोराच्या पिसाऱ्यासारखं किंवा पेंढीसारखं. अपोफिलाइट काचेसारखं, कधी हिरवट. पुण्याजवळ वाघोलीच्या खाणींत मिळालेलं कॅव्हन्साइट तर गर्द निळं, जगभरचे संग्राहक त्यासाठी वेडे झालेत. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात हे सगळं एका ठिकाणी बघायला मिळतं. पण कापणीखाली पडलेल्या एखाद्या डबरात आपलं आपण चमकताना पाहणं वेगळं.

एकच कळकळीने सांगतो. घाटात वळणावर कधीही थांबू नका. पावसाळ्यात कापणीच्या अगदी खाली उभे राहू नका. दरडी याच भेगांवरून आणि याच लाल पट्ट्यांवरून सुटतात.

कोवळं_ऊन

लाल_पट्टा सर, वरंध्याला मी हा पट्टा लहानपणापासून पाहत आलेय आणि मला वाटायचं मुरमाची खाण असेल. "दोन उद्रेकांमधली विश्रांती" आता डोक्यातून जायची नाही.

माझी गोष्ट विहिरीची. सातारच्या अलीकडे महामार्गावर भयंकर कोंडी होती, म्हणून लिंब गावाकडे आत वळले. म्हटलं तासभर सावलीत बसू. एका मुलाने विचारलं, "बारा मोटेची बघायला आलाय का?" मला नावही माहीत नव्हतं. तो पुढे, मी मागे.

शेतात नुसती जमीन दिसते. मग अचानक खाली उतरणाऱ्या रुंद पायऱ्या आणि त्यानंतर एक दगडी दरवाजा. आत अष्टकोनी विहीर, सुमारे पन्नास फूट रुंद, शंभर फुटांहून खोल. १७१९ ते १७२४ या काळात विरूबाई भोसल्यांनी बांधून घेतली. विहिरीतच, पाण्याच्या वर, छोटा महाल आहे. खांबांवर हत्ती-घोडे. तिथे जो गारवा होता तो आजही आठवतो. वर अंग भाजत होतं आणि खाली दगडाला टेकले तर पाठ ओली झाल्यासारखी वाटली.

पण सगळ्यात जास्त लक्षात राहिल्या त्या वरच्या खाचा. काठावर मोटा लावायच्या जागा आहेत. त्या मुलाच्या आजोबांनी मला शब्द सांगितले. बैल ज्या उतारावरून पुढे-मागे जातात ती धाव. मोटेचं पाणी जिथे ओततं ते थारोळं. जाड दोर तो नाडा, मोटेच्या सोंडेला लावलेला बारीक दोर तो सौंदर. थारोळ्यातून पाणी पाटाने शेतात. त्यांनी स्वतः वेगळ्या विहिरीवर मोट हाकलेली होती. हाताने हवेतच नाडा धरून दाखवला. ते हात पाहताना विहीर चालू झाल्यासारखी वाटली.

शके

बारव, म्हणजे अशी पायऱ्यांची विहीर, सापडली की आधी उतरायच्या वाटा मोजा. शिल्पग्रंथांत एका प्रवेशाच्या बारवेला नंदा, दोनला भद्रा, तीनला जया, चारला विजया अशी नावं आहेत. कोनाडेही पाहा, पुष्कळदा देवतांची शिल्पं अजून असतात. पायऱ्यांवर शेवाळ असेल तर उतरू नका. काठावरूनही खूप दिसतं.

चाक_आणि_वाट

माझ्याकडे दगड नाही, माणसं आहेत.

दिवाळीनंतर पुणे-फलटण पट्ट्यात आडरस्त्याला अर्धा तास मेंढरांमुळे अडकून पडलो. आधी चिडलो होतो, खोटं कशाला बोलू. मग खाली उतरलो. धनगरांचा वाडा, म्हणजे त्यांचा फिरता तांडा, कोकणाकडे निघाला होता. पुढे मेंढरं, मागे घोडी. घोड्यावर अंथरुणं, भांडी, वाघर म्हणजे रात्री मेंढरांभोवती लावायची जाळी, तिच्यावर पाय बांधलेल्या कोंबड्या आणि बाजूच्या झोळीतून आदल्या रात्री जन्मलेल्या दोन कोकरांची डोकी बाहेर. त्या झोळीवर एका बाईने चालता चालता सावलीसाठी पदर धरला होता.

मी विचारलं कुठवर जाणार. त्यांनी गावांची नावं सांगितली नाहीत, कोण शेतकरी कुठे वाट पाहतोय ते सांगितलं. शेतात मेंढरं बसवली की लेंडीखत पडतं. त्याच्या बदल्यात शेतकरी धान्य किंवा पैसे देतो. दरवर्षी ठरलेली शेतं, ठरलेले मुक्काम. आपण रस्ता म्हणतो त्याच्याखाली त्यांचा रस्ता आहे, आपल्यापेक्षा कितीतरी जुना.

त्याच भागात सुप्याजवळ मयूरेश्वर अभयारण्य आहे, जेमतेम पाच चौरस किलोमीटरचं माळरान. पण चिंकारा हरीण आणि धाविक पक्षी पाहायला अभयारण्यातच जावं लागतं असं नाही. रस्त्याकडेच्या पडीक माळावर गाडी बंद करून काचा खाली करा, दहा मिनिटं बसा. रंग मातीचाच असल्याने आधी काही दिसत नाही. मग मातीचा एक तुकडा पळायला लागतो, थांबतो, पुन्हा पळतो. तो धाविक. त्याच्या घरट्याला घर म्हणावं असं काही नसतं, अंडी उघड्या जमिनीवरच असतात. म्हणून माळावर गाडी उतरवू नका, चाकाखाली काय जाईल सांगता येत नाही.

मैलाचा_दगड

सगळे विचारतात "आडरस्ता ओळखायचा कसा", म्हणून थोडक्यात. किलोमीटरच्या दगडाचं डोकं बघा. पिवळं असेल तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवं राज्य महामार्ग, काळं किंवा निळं जिल्हा रस्ता, केशरी ग्रामीण रस्ता. माझ्या बहुतेक सगळ्या आठवणी केशरी दगडांवरच्या आहेत.

पूर्वा_वारा

माळरान, ठिकाण नकाशावर टाकाल का? पुढच्या आठवड्यात मीही त्याच बाजूला आहे.

वेशीबाहेर

माळरान, कृपा करून टाकू नका. कारण सांगतो.

मी अशाच एका गावचा. आमच्या वेशीबाहेर तीन वीरगळ होते, एका ओळीत. आम्ही पोरं त्यावर बसून एसटीची वाट बघायचो. त्यांना कुणी देव म्हणायचं, कुणी नुसतं "दगडं". पाच वर्षांपूर्वी रस्ता रुंद झाला. मी तेव्हा पुण्यात नोकरीला. गावी गेलो तर वेशीवर गटार होतं आणि दगड नव्हते. दोन भरावात गेले असं लोक म्हणतात. तिसरा एका माणसाने ट्रॅक्टरला दोर लावून स्वतःच्या बांधावर नेला, म्हणून तो तेवढा वाचला. त्याच्याआधी कधी तरी एका हौशी ग्रुपने त्यांचे फोटो काढून ठिकाणासकट टाकले होते. त्यानंतर चारचाक्या यायला लागल्या. एक दिवस कुणीतरी एका वीरगळावर पांढऱ्या रंगाने बदामात नावं लिहून गेलं.

मी कुणावर आरोप करत नाही. ज्यांनी रस्ता केला त्यांना तो दगड म्हणजे दगडच होता. आम्हालाही तोच होता, आम्हीही त्यावर बसत होतो. मला आज त्या दोघांच्या चेहऱ्यावर काय कोरलं होतं हे आठवत नाही. सगळ्यात जास्त ते टोचतं.

शके

वेशीबाहेर, वाचून वाईट वाटलं. तरी माझं म्हणणं थोडं वेगळं आहे. नोंद नसते म्हणूनच दगड भरावात जातात. ज्याचा फोटो, माप आणि जागा कुठे तरी लिहिलेली आहे, त्याच्यासाठी निदान कुणीतरी भांडू शकतं. म्हणून ठिकाण चव्हाट्यावर टाकू नये, पण नोंद जरूर करावी. फोटो, शेजारी मोजपट्टी, गाव-तालुका-जिल्हा, सापडल्याची तारीख, गावकरी त्याला काय म्हणतात ते. एक प्रत ग्रामपंचायतीला, एक पुरातत्त्व खात्याला. शिलालेख असेल तर एखाद्या अभ्यासकाला बोलवा. ते कागदावर शाईचा ठसा घेतात, दगडाला काही होत नाही. तारीख 'शके' असेल तर ७८ मिळवा म्हणजे इसवी सन येतं. (माझं नाव त्यावरूनच.)

आणि दगड उचलून घरी, बागेत, हॉटेलच्या दारात नेऊ नये. शंभर वर्षांवरची दगडी शिल्पं आणि लेख १९७२ च्या पुरावशेष कायद्यात येतात. कायद्यापेक्षाही महत्त्वाचं म्हणजे वीरगळ जिथे उभा आहे तिथेच तो काही सांगतो. गावाची जुनी वेस, जुनी वाट, जुनं देऊळ. जागा बदलली की अर्धं वाक्य पुसलं.

वेशीबाहेर

हे पटलं. बांधावरच्या त्या एकाची नोंद मी दिवाळीत करतो. मोजपट्टी घेऊन जाईन.

पूर्वा_वारा

समजलं, आणि विचारल्याचं वाईट वाटून घेऊ नका. त्याच्याऐवजी मी तुमच्या वाटेच्या शेवटच्या टोकाविषयी सांगते. वाईला पाऊस आला म्हणून मेणवलीला नाना फडणविसांच्या घाटावर आडोशाला थांबले होते. देवळापाशी मोठी पंचधातूची घंटा टांगलेली. पाऊस थांबेपर्यंत करायला काही नव्हतं म्हणून तिच्याकडे पाहत बसले आणि घंटेवर बाळ येशूला घेतलेली मेरी दिसली. खाली १७०७ साल. वसईच्या मोहिमेनंतर पोर्तुगीजांच्या चर्चमधून मराठ्यांनी आणलेल्या घंटांपैकी ती एक. तोपर्यंत मी मेणवलीला दोनदा जाऊन आले होते, घंटा वाजवूनही आले होते. पाहिली नव्हती.

माळरान

ठिकाण टाकत नाही. फक्त भोर तालुका एवढंच राहू दे. नोंद मात्र केली. ग्रामपंचायतीत फोटोची प्रत दिली आणि तिथल्या ग्रामसेवकांनी ती फाइलला लावली, माझ्यासमोर.

काल परत गेलो होतो, बाबा आणि मी. पहाटे पाचला निघालो, सात वाजता पारापाशी. ऊन डोंगराच्या मागून येत होतं, अगदी जमिनीला घासून. शके, तुम्ही म्हणालात ते शब्दशः खरं. रविवारी जिथे नुसता खडबडीत दगड होता तिथे आता पिंडीपलीकडचा पुजारी दिसला, त्याच्या हातात घंटा. माथ्यावर चंद्र आहे, सूर्याची बाजू फुटलीय. वीराचा डावा हात ढालीत आहे आणि त्याच्या छातीला एक बारीक तिरकी रेघ लागलीय. बाबा म्हणाले बाण आहे. मी नखाने चाचपली, रेघेला टोक आहे. बाणच.

पाराच्या मागे गेलो. दुसरा दगड आहे! निम्मा वडाच्या मुळीत गिळलेला. वाकलेलं कोपर तेवढं बाहेर आहे आणि मनगटाशी बांगड्यांच्या तीन कडा. मुळी आणि हात यात आता फरक करता येत नाही, दोन्हींचा रंग एकच झालाय. आम्ही हात लावला नाही.

आजी तांब्या घेऊन आल्या. त्यांना मी कप्प्याकप्प्याने सांगितलं, खालून वर. गुरं कुणीतरी नेत होतं, हा आडवा आला, पडला, मग याला वर नेलं. त्यांनी सगळं नीट ऐकलं आणि विचारलं, "मग गुरं मिळाली का?" मला उत्तर देता आलं नाही. शके, असं कुठे कोरलेलं असतं का?

आजींचा नातू तोवर दगडासमोर उकिडवा बसून बोटाने डोकी मोजत होता. मोठ्याने. सात झाली. मग तो मातीच्या कडेशी वाकला, गाल जवळजवळ जमिनीला टेकवून, आणि ओरडला, "आजी, हितं वासरू बी हाय! मागं बघतंय!"

शके

मिळाली की नाही हे कोरत नाहीत, माळरान. पण वासराचा फोटो असेल तर मला पाठवा.

माळरान

पाठवतो. नातवाने अंगठा शेजारी ठेवलाय, मापासाठी.